भिंत चेंडू परत देते : पॅडेल या खेळाची जन्मकथा आणि पहिली ओळख

१.
मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे अकापुल्को हे १९६० च्या दशकात जगभरातील धनिकांचे आवडते विश्रांतिस्थान होते. समुद्रावर उतरणाऱ्या टेकडीवर लास ब्रिसास नावाची वस्ती आहे. तेथे एन्रिके कोर्कुएरा या उद्योगपतीचे घर होते. १९६९ मध्ये या घराच्या आवारात टेनिस खेळण्यासाठी जागा करावी, असे त्याने ठरवले. पण पूर्ण आकाराच्या टेनिस कोर्टाला पुरेल एवढी मोकळी जमीन तेथे नव्हती. या जागेच्या अडचणीतूनच पुढे पॅडेल हा खेळ जन्माला आला.

२.
कोर्कुएराने २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद एवढाच चौक आखला आणि त्याभोवती सुमारे तीन मीटर उंचीच्या भिंती उभारल्या. भिंती का बांधल्या, याच्या एकाहून अधिक कथा सांगितल्या जातात. कोणी म्हणतो चेंडू शेजारच्या आवारात जाऊ नये म्हणून, तर कोणी म्हणतो भोवतालची झाडी आत शिरू नये म्हणून. कारण कोणतेही असो, भिंत बांधली होती ती चेंडू अडवण्यासाठी. खेळू लागल्यावर मात्र लक्षात आले की, भिंतीवर आदळून परत येणारा चेंडू खेळता येतो आणि त्यानेच खेळाला खरी रंगत येते. अडचण म्हणून आलेली भिंत अशा रीतीने खेळाचा भाग झाली.

३.
भिंतीचा उपयोग करणारा हा पहिलाच खेळ नव्हे. मध्ययुगीन फ्रान्समध्ये मठांच्या आणि राजवाड्यांच्या आवारात खेळला जाणारा जो खेळ आजच्या टेनिसचा पूर्वज मानला जातो, त्यात भिंतींना आणि उतरत्या छपरांनाही स्थान होते. बास्क लोकांच्या पेलोताचे बहुतेक प्रकार तर भिंतीच्या आधारानेच खेळले जातात, आणि स्पॅनिश वसाहतीबरोबर तो मेक्सिकोतही पोहोचला होता. इंग्लंडमधील हॅरो येथील शाळेत एकोणिसाव्या शतकात स्क्वॉश आकाराला आला, तोही भिंतींच्या आधारानेच. १८७० च्या दशकात लॉन टेनिस हिरवळीवर लोकप्रिय झाले आणि भिंती मागे पडल्या. रेषेबाहेर पडलेला चेंडू म्हणजे संपलेला चेंडू, हीच मग खेळाची रीत ठरली.

४.
अमेरिकेतही दोन पूर्वज सापडतात. मिशिगन राज्यातील अल्बियन या गावी फ्रँक बील याने १८९८ मध्ये मुलांसाठी टेनिसचे लहान मैदान आणि लाकडी फळी यांचा मेळ घातला. पुढे न्यूयॉर्कच्या क्रीडांगणांवर तो खेळ 'पॅडल टेनिस' म्हणून रुजला. १९२८ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या स्कार्सडेल येथे जेम्स कॉग्सवेल आणि फेसेंडेन ब्लँचर्ड यांनी हिवाळ्यातही खेळता यावे म्हणून लाकडी चौथरा उभारला आणि त्याभोवती तारेची जाळी लावली. जाळीवर आदळून आलेला चेंडू खेळण्याची मुभा त्या खेळात आली. कोर्कुएराच्या अंगणात या साऱ्या परंपरांचे धागे एकत्र आले.

५.
नवशिक्याने सर्वप्रथम समजून घ्यावा तो भिंतीचा नियम. जाळ्यापलीकडे मारलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला आधी जमिनीवर पडला पाहिजे. टप्पा न पडता तो थेट त्याच्या भिंतीवर आदळला, तर गुण मारणाऱ्याने गमावला. एक टप्पा पडल्यावर मात्र चेंडू कोणत्याही भिंतीवर आदळला तरी तो जिवंतच असतो, आणि दुसरा टप्पा पडण्यापूर्वी तो परतवायचा असतो. इतकेच नव्हे, खेळाडू आपल्याच मागच्या भिंतीवर चेंडू मारून तो जाळ्यापलीकडे धाडू शकतो. टेनिसमध्ये पाठीमागे निघून गेलेला चेंडू हातचा गेलेला असतो. येथे तोच चेंडू भिंतीवरून वळून पुन्हा समोर येतो आणि खेळाडूला दुसरी संधी मिळते.

६.
प्रारंभीची काही वर्षे हा खेळ कोर्कुएराच्या पाहुण्यांपुरताच होता. त्याचे नियम खेळणाऱ्यांच्या तोंडीच होते. एन्रिकेची अर्जेंटिनात जन्मलेली पत्नी विवियाना हिने ते नियम एका छोट्या पुस्तिकेत बांधून पतीला भेट दिले, असे सांगितले जाते. गोष्ट घरगुती आहे, पण तिचे मोल मोठे आहे. तोंडी नियमांचा खेळ त्या अंगणाच्या भिंती ओलांडू शकत नाही, कागदावर उतरलेला खेळ मात्र समुद्र ओलांडतो. महाराष्ट्राला याचे जवळचे उदाहरण ठाऊक आहे. पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी जो फुलाचा खेळ खेळत, तो 'पूना' या नावाने ओळखला जाई. त्याला लिखित नियमांची चौकट मिळाली आणि बॅडमिंटन या नावाने तो जगभर गेला.

७.
नियमांची चौकट बरीचशी टेनिसचीच आहे. गुणांची मोजणी तीच, म्हणजे १५, ३०, ४० आणि मग गेम. सहा गेमचा सेट, आणि साधारणतः तीनांपैकी दोन सेट जिंकणारी जोडी विजयी. मात्र स्पर्धांमध्ये हा खेळ चौघांचाच असतो, दोघे एका बाजूला आणि दोघे दुसऱ्या. जाळ्याची उंची मध्यभागी ८८ सेंटिमीटर असते आणि दोन्ही टोकांना ती ९२ सेंटिमीटरपर्यंत चालते. चेंडू दिसायला टेनिसच्या चेंडूसारखाच असतो, फक्त त्यातील हवेचा दाब किंचित कमी ठेवतात. त्यामुळे भिंतीवरून येणारा चेंडू आवरता येतो.

८.
सर्व्हिस मात्र टेनिसहून अगदी वेगळी. येथे चेंडू डोक्यावरून मारता येत नाही. खेळाडू जाळ्यापासून ६.९५ मीटरवर असलेल्या रेषेमागे उभा राहतो, चेंडूला जमिनीवर एक टप्पा देतो आणि कमरेच्या उंचीवर किंवा त्याखालीच तो मारून समोरच्या तिरप्या चौकोनात टाकतो. पहिला प्रयत्न हुकला, तर दुसरा मिळतो. टप्पा पडल्यावर चेंडू काचेवर गेला तर चालते, पण दुसऱ्या टप्प्याआधी तारेच्या जाळीला लागला तर सर्व्हिस चुकली असे मानतात. या एका नियमाने खेळाचा स्वभाव ठरतो. टेनिसमध्ये जबरदस्त सर्व्हिस करणारा प्रतिस्पर्ध्याला खेळूच देत नाही, तर पॅडेलमध्ये सर्व्हिस हे केवळ संभाषणाचे पहिले वाक्य असते.

९.
या खेळाचे सीमोल्लंघन १९७४ मध्ये झाले. कोर्कुएराचा मित्र प्रिन्स आल्फोन्सो होहेनलोहे अकापुल्कोला पाहुणा म्हणून आला आणि या खेळाच्या प्रेमात पडला. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मार्बेया क्लब हे प्रसिद्ध हॉटेल त्यानेच १९५४ मध्ये उभारले होते. परत गेल्यावर त्याने तेथे दोन कोर्टे बांधली. १९६६ साली विम्बल्डन जिंकलेला स्पॅनिश टेनिसपटू मानोलो सांताना याच परिसरात होता. त्याने या नव्या खेळाला आपला पाठिंबा दिला आणि स्पर्धा भरवल्या. तरीही अजून हा खेळ हॉटेलांच्या आणि बंगल्यांच्या कुंपणाआडच होता. अकापुल्कोतील श्रीमंतांकडून तो मार्बेयातील श्रीमंतांकडे गेला, एवढाच फरक पडला होता.

१०.
कुंपण मोडले ते अर्जेंटिनात. मार्बेया क्लबात ये-जा असलेला हुलिओ मेंदितेगी हा अर्जेंटिनी गृहस्थ १९७५ मध्ये हा खेळ मायदेशी घेऊन गेला. तेथेही आरंभी तो सधन क्लबांतच राहिला. पण १९८० च्या दशकात ब्युनोस आयर्सपासून मार दे प्लातापर्यंत आणि तेथून लहान लहान गावांपर्यंत तो वणव्यासारखा पसरला. ओसाड भूखंड, जुनी गोदामे, पेट्रोलपंपांमागची जागा, जिथे २०० चौरस मीटर सापडतील तिथे सिमेंटच्या भिंती उभ्या राहू लागल्या. दुकानदार, कारकून, गृहिणी, शाळकरी मुले असे सगळे रात्री उशिरापर्यंत खेळू लागले. एका पिढीच्या आत हा देशातील सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या खेळांपैकी एक झाला.

११.
एवढी झपाट्याची वाढ का झाली, याचे उत्तर सोप्या हिशेबात आहे. भोवतालच्या मोकळ्या जागेसह एका टेनिस कोर्टाला साधारण ६५० चौरस मीटर लागतात. तेवढ्यात पॅडेलची तीन कोर्टे बसू शकतात आणि एकाच वेळी १२ जण खेळू शकतात. चौघांत भाडे वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते. शिवाय टेनिसमध्ये चार फटके सलग जाळ्यापलीकडे जाण्यासाठी नवशिक्याला कित्येक आठवडे लागतात. येथे मैदान लहान, रॅकेटचा दांडा आखूड आणि मागे भिंतीचा आधार, त्यामुळे पहिल्याच दिवशी खेळ जमल्याचे समाधान मिळते. अर्थात खेळ शिकायला सोपा आहे म्हणून तो मुरायलाही सोपा आहे, असे मात्र नाही.

१२.
हातातल्या साधनाविषयीही थोडे सांगायला हवे. पॅडेलच्या रॅकेटला तारा नसतात. ती भरीव असते, तिच्या पृष्ठभागावर लहान छिद्रे असतात, लांबी ४५.५ सेंटिमीटरपेक्षा आणि जाडी ३८ मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. पूर्वी ती लाकडाची असे. आता आत फोम आणि बाहेर काचतंतू किंवा कार्बनतंतू वापरतात. दांड्याला दोरी असते आणि ती मनगटात अडकवणे नियमानेच बंधनकारक आहे. चौघेजण इतक्या जवळ उभे असताना हातून सुटलेली रॅकेट कोणाच्याही तोंडावर बसू शकते. नवशिके नेमकी हीच दोरी लोंबकळत सोडतात.

१३.
अर्जेंटिनातील वणवा जितक्या वेगाने पेटला, तितक्याच वेगाने विझलाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोर्टे गरजेहून अधिक झाली होती. ज्याला जागा मिळाली त्याने भिंती उभारल्या होत्या, पण खेळाडू घडवणारी व्यवस्था त्या प्रमाणात उभी राहिली नव्हती. सिमेंटच्या कठीण जमिनीने गुडघे आणि कंबर दुखावलेले अनेकजण दूर झाले. त्यातच आर्थिक मंदी आली आणि २००१ च्या अखेरीस देशाची अर्थव्यवस्था कोलमडली. कोर्टामागून कोर्ट बंद पडले. कुठे गाड्या उभ्या राहू लागल्या, कुठे गोदाम झाले, कुठे पाच-पाच जणांचे फुटबॉल सुरू झाले. ज्या देशाने या खेळाला लोकांचा खेळ केले, तेथेच तो गेलेल्या काळाची आठवण म्हणून उरतो की काय, अशी स्थिती आली.

१४.
स्पेनने निराळी वाट धरली. १९९१ मध्ये माद्रिद येथे आंतरराष्ट्रीय पॅडेल महासंघ स्थापन झाला. १९९२ मध्ये माद्रिद आणि सेव्हिल येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि पुरुषांचे विजेतेपद अर्जेंटिनाने पटकावले. १९९३ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च क्रीडा परिषदेने या खेळाला अधिकृत मान्यता दिली. याच सुमारास नावही स्थिरावले. तोवर इंग्रजीतला 'पॅडल' हाच शब्द रूढ होता. स्पेनने तो आपल्या उच्चाराप्रमाणे आणि लेखनाप्रमाणे 'पादेल' असा घडवला, आणि त्याचेच रूप आज मराठीत पॅडेल म्हणून वापरले जाते. मान्यता, महासंघ, पंच, प्रशिक्षक, वयोगटांच्या स्पर्धा या गोष्टी कंटाळवाण्या वाटतात, पण खेळ तगतो तो यांच्याच बळावर.

१५.
दरम्यान भिंतही बदलली. सिमेंटच्या जागी जाड, कठीण केलेली काच आली आणि जमिनीवर वाळू घातलेले कृत्रिम गवत आले. गवतामुळे सांध्यांना बसणारे धक्के कमी झाले, आणि काचेमुळे खेळ बाहेरच्यांना दिसू लागला. सिमेंटच्या खोक्यात चाललेला खेळ वरच्या गॅलरीतूनच पाहता येई. आता चारही बाजूंनी प्रेक्षक बसू शकत आणि कॅमेरा खेळाडूच्या पाठीमागून चित्रण करू शके. आजच्या प्रमाणित कोर्टात मागची भिंत तीन मीटर उंच असते आणि तिच्यावर आणखी एक मीटर जाळी. बाजूच्या भिंती मागून पुढे पायरीसारख्या उतरत येतात आणि मधल्या भागात जाळी असते. जाळीवर आदळलेला चेंडू कोणत्या दिशेने उडेल याचा नेम नसतो.

१६.
स्पेनमध्येही या खेळावर धनिकांचा शिक्का होताच. पंतप्रधान होसे मारिया अस्नार यांना पॅडेलची आवड होती, आणि त्यामुळे तो शिक्का काही काळ अधिकच गडद झाला. पण बांधकामाच्या तेजीत नव्या गृहसंकुलांच्या सामाईक आवारात पोहण्याच्या तलावाशेजारी पॅडेलचे कोर्ट बांधण्याची प्रथा पडली. मग नगरपालिकांनीही आपल्या क्रीडासंकुलांत कोर्टे उभारली. घराखाली उतरावे आणि शेजाऱ्यांबरोबर तासभर खेळावे, इतका तो सहज झाला. शहर कोणतेही असो, खेळ कोणाचा ठरतो हे शेवटी त्याच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे यावरच अवलंबून असते.

१७.
या दोन देशांची कथा एका खेळाडूच्या आयुष्यात एकवटली आहे. फर्नांदो बेलास्तेगिन याचा जन्म १९७९ चा, अर्जेंटिनातील पेउआहो या छोट्या गावचा. गावोगावी कोर्टे निघत होती, त्या लाटेत तो रॅकेट धरायला शिकला. पण लाट ओसरल्यावर व्यावसायिक खेळाचे केंद्र स्पेनमध्ये सरकले आणि अनेक अर्जेंटिनी खेळाडूंप्रमाणे त्याचीही कारकीर्द तेथेच बहरली. २००२ ते २०१७ अशी सलग १६ वर्षे तो जगात पहिल्या क्रमांकावर राहिला. त्यांपैकी बहुतेक काळ त्याचा जोडीदार हुआन मार्तिन दियास हा होता. २०२४ च्या अखेरीस बेलास्तेगिनने निवृत्ती घेतली. अर्जेंटिनाने पेरले आणि स्पेनने राखले, त्या पिकाचा तो मानकरी होता. २०२४ पर्यंतची पुरुषांची सारी सांघिक जागतिक विजेतेपदे याच दोन देशांत वाटली गेली आहेत.

१८.
व्यावसायिक स्पर्धांची मालिकाही स्पेनमध्येच घडली. २००५ मध्ये पॅडेल प्रो टूर आली, २०१३ मध्ये तिची जागा वर्ल्ड पॅडेल टूरने घेतली. २०२२ मध्ये कतारच्या गुंतवणुकीतून आणि महासंघाच्या आश्रयाने प्रीमियर पॅडेल सुरू झाली आणि २०२४ पासून ती एकच प्रमुख मालिका उरली. २०२३ मध्ये पोलंडमधील युरोपीय क्रीडास्पर्धांत पॅडेलचा समावेश झाला. अंगणातून निघालेल्या खेळाने अवघ्या अर्ध्या शतकात एवढा पल्ला गाठला.

१९.
तरीही अर्जेंटिनाचा धडा जुना झालेला नाही, हे स्वीडनने दाखवून दिले. २०२० आणि २०२१ च्या साथीच्या काळात इतर विरंगुळे बंद असताना तेथे पॅडेलची लाट आली. रिकामी गोदामे भाड्याने घेऊन सभागृहांमागून सभागृहे उभी राहिली, गुंतवणूकदारांनी पैसा ओतला. साथ ओसरली, लोक जुन्या सवयींकडे परतले, व्याजदर आणि विजेचे दर चढले, आणि २०२२ नंतर अनेक केंद्रांचे दिवाळे निघाले. खेळ वाईट नव्हता, तो खेळणारी माणसेही होती. कोर्टे मात्र माणसांहून अधिक झाली होती.

२०.
गेल्या काही वर्षांत हीच काचेची कोर्टे मुंबई, पुणे, बेंगळुरू, दिल्ली या शहरांत दिसू लागली आहेत. बॉक्स क्रिकेटच्या जाळ्यांत खेळायला सरावलेल्या आणि त्याआधी चाळींच्या बोळांत भिंतीवरून आलेला चेंडू एका हाताने झेलून गडी बाद करणाऱ्या शहरांना भिंतीचा खेळ नवा वाटण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो पुढचा. ताशी भाडे भरू शकणाऱ्यांपुरताच तो राहिला, तर मार्बेयाच्या कुंपणाआडचा खेळ होईल. केवळ गुंतवणूक म्हणून कोर्टे वाढली, तर अर्जेंटिनाची आणि स्वीडनची गत होईल. शाळा, पालिकेची मैदाने आणि गृहसंस्थांची आवारे यांत तो पोहोचला आणि शिकवणारे तयार झाले, तर स्पेनसारखा मुरेल.

२१.
पहिल्यांदा कोर्टात उतरणाऱ्याची चूक बहुधा एकच असते. मागे जाणारा चेंडू पाहून तो घाबरतो आणि भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच घाईघाईने मारतो. अनुभवी खेळाडू तो चेंडू जाऊ देतो, स्वतः भिंतीपासून दोन पावले पुढे सरकतो, रॅकेट आधीच मागे नेऊन थांबतो आणि काचेवरून शांत होऊन आलेला चेंडू उंच उचलून प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यावरून टाकतो. जाळ्याजवळ उभ्या असलेल्या जोडीला मागे जावे लागते, आणि ती जागा आपल्या जोडीला मिळते. पॅडेलमधील बहुतेक गुण याच देवाणघेवाणीतून घडतात. जोर कमी लागतो, थांबणे अधिक लागते.

२२.
एन्रिके कोर्कुएराला जागा अपुरी पडली म्हणून भिंत आली. त्या भिंतीने खेळाडूला शिकवले की, निसटला असे वाटणारा प्रत्येक चेंडू खरोखरच निसटलेला नसतो. अर्जेंटिनात हा खेळ बुडाला असे वाटले, तेव्हा तोही स्पेनच्या भिंतीवर आदळून परत आला, आणि आज अर्जेंटिनातही बंद पडलेल्या कोर्टांच्या जागी नवी कोर्टे उभी राहत आहेत. मात्र भिंत चेंडू परत देते, मारण्याचे काम तिचे नाही. त्या क्षणी योग्य जागी, रॅकेट सावरून, कोणीतरी उभे असावे लागते.